टपालाच्या ठेक्याच्या गाड्यांवरच्या ड्रायव्हरांची युनियन : सातारा-सांगलीत जमेल का?

मेलगाडी

रामराम मंडळी. मी सातारा जिल्ह्यात टपालाच्या बॅगा वाहणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर आहे. गाडीवर पाटी टपालाची, पण मी खात्याचा नाही. वाहतुकीचं टेंडर निघतं, ठेकेदार ते घेतो आणि आम्ही ठेकेदाराची माणसं. बॅगा चढवायच्या आम्हीच, उतरवायच्या आम्हीच, सही-शिक्का घेऊन पुढचं ऑफिस गाठायचं ते पण आम्हीच.

पहाटे गाडी काढायची, दुपारी कुठंतरी झाडाखाली थांबायचं, संध्याकाळी परतीच्या बॅगा घेऊन यायचं. मधले तास ड्युटीत धरत नाहीत. घाटात ट्रक आडवा झाला आणि गाडी उशिरा पोचली की ठेकेदाराला दंड लागतो, आणि तो आमच्या पगारातनं जातो. पीएफ कापतो म्हणतात, नंबर देत नाहीत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ठेका बदलला की आम्ही परत नवे. रूट तोच, कधी कधी गाडी पण तीच, सर्व्हिस मात्र शून्यापासून.

पुढचं टेंडर निघायच्या आत युनियन करावी असं आम्हा काही जणांच्या मनात आहे. कराड, मिरज, विटा, जत, सगळीकडच्या रूटवरची पोरं बोलायला लागलीत, पण घाबरतात. आपण थोडे, त्यात वेगवेगळ्या ठेकेदारांकडं. आपली स्वतःची युनियन होऊ शकते का? का खात्यातल्या एखाद्या युनियनमध्ये जावं? कुणी असं काही केलं असेल तर सांगा.

भडंगप्रेमी

भावा, पाठिंबा. धागा वर राहू दे.

कोयनाकाठ

मेलगाडी, मी पाटण तालुक्यात ग्रामीण डाक सेवक होतो, आता निवृत्त. तुमच्यासारखीच पोरं बॅगा घेऊन यायची, त्यांच्या चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरून आमची रोज प्रेमाची भांडणं व्हायची. म्हणून मनापासून लिहितो.

खात्यातल्या युनियनमध्ये जायचा विचार सोडा. त्या संघटनांना १९९३ च्या सेवा संघटना मान्यता नियमांखाली मान्यता मिळते आणि सभासद खात्याचेच कर्मचारी लागतात. ती मान्यता किती नाजूक असते तेही बघा. एप्रिल २०२३ मध्ये एनएफपीई, म्हणजे टपाल कर्मचाऱ्यांचा राष्ट्रीय महासंघ, आणि तिच्यातली ग्रुप सी संघटना या दोन्हींची मान्यता खात्यानं काढून घेतली. एवढ्या जुन्या महासंघाची ही गत, तर तुम्हाला तिथं कोण दार उघडणार? त्यांचा पाठिंबा जरूर मागा, मोर्चाला बोलवा. घर मात्र तुमचं वेगळंच पाहिजे.

आमचं उदाहरण देतो. १९७७ साली सुप्रीम कोर्टानं राजम्मा खटल्यात सांगितलं की खात्याबाहेरचे एजंट, म्हणजे तेव्हाचे आम्ही, नागरी पद, म्हणजे सरकारी सेवेतलं पद, धारण करतो. निकाल चांगला. पण खात्याच्या कायम माणसाचा पगार आम्हाला त्यानं मिळाला नाही. मे-जून २०१८ मध्ये देशभर संप केला, तेव्हा कुठं जूनमध्ये मंत्रिमंडळानं कमलेश चंद्र समितीच्या शिफारशींवर वाढीव भत्ता मंजूर केला. समितीचा अहवाल २०१६ पासून पडून होता. कोर्टाचा कागद पण लागतो आणि रस्त्यावर माणसं पण लागतात. नुसता एक असून भागत नाही.

स्पष्टवक्ता

कटू बोलतो, राग मानू नका. युनियन केली की दोन वर्षांत कुणीतरी पुढारी तिचा मालक होतो. १९८२ च्या गिरणी संपात अडीच लाख कामगार उतरले होते. काय झालं? आपल्या माण-खटावची निम्मी घरं त्या संपानं गावाला परत आणून सोडली. ड्रायव्हर तर अजूनच कमकुवत. उद्या दुसरा उभा राहतो, लायसन्स असलेली पोरं गल्लोगल्ली आहेत. गपचूप चांगला ठेकेदार शोधा.

गिरणगावची_लेक

स्पष्टवक्ता, माझे आबा त्याच संपातले. गिरणी सुटली, आम्ही खटाव तालुक्यात परत आलो, आई मजुरीला जायला लागली. त्यामुळं संपाची किंमत काय असते हे मला नका सांगू.

पण तुम्ही अर्धंच सांगताय. आबांना म्हातारपणी जे चार पैसे मिळाले, पीएफ, ग्रॅच्युइटी, मुलाबाळांच्या नावानं घराचा अर्ज करायचा हक्क, ते सगळं गिरणीत त्यांचं नाव नोंदलेलं होतं म्हणून. संप हरला तरी कागद राहिला. या ड्रायव्हरांचं नावच कुठं नाही. उद्या अपघात झाला तर बायकोनं कुणाच्या दारात जायचं? जुन्या ठेकेदाराच्या की नव्या?

आणि "दुसरा उभा राहतो" म्हणता, तर त्या दुसऱ्याला पण याच पगारात, याच दंडात काम करायचंय ना? तो पण आपलाच कुणाचा तरी पोरगा.

जतचा_ट्रान्सपोर्टवाला

मी ठेकेदार आहे. टपालाचा ठेका पूर्वी घेतला होता, सध्या दुसरी वाहतूक करतो. इथं सगळे ठेकेदाराला शिव्या घालणार म्हणून आधीच आलो.

टेंडर एल-वनला जातं, म्हणजे सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला. मी ड्रायव्हरचा पुरा पगार, पीएफ, ईएसआय म्हणजे कामगार विमा, साप्ताहिक सुट्टीला बदली ड्रायव्हर, हे सगळं धरून किलोमीटरचा दर भरला की मी तिसरा नाही तर चौथा. जो भरत नाही तो पहिला. मग तो पैसे कुठनं काढणार? डिझेलवर मालकाचा ताबा नाही, टायरवर नाही, बँकेच्या हप्त्यावर नाही. राहतो फक्त ड्रायव्हर. मी हे बरोबर म्हणत नाही, कसं होतं ते सांगतोय.

तुमची युनियन झाली आणि तिनं सगळ्याच ठेकेदारांना एक पगार बांधून दिला, तर माझ्यासारख्याला उलट बरंच आहे. फक्त एकट्या माझ्या दारात येऊन बसू नका.

मेलगाडी

जतवाले दादा, पहिल्यांदाच कुणी ठेकेदार असं मोकळं बोलला. आभार. पण दंड ड्रायव्हरकडनं घेणं ह्याचं काय? त्याचा एल-वनशी संबंध नाही.

जतचा_ट्रान्सपोर्टवाला

नाही. ते चूकच आहे. रस्ता बंद असला तर लेखी कळवून दंड माफ करून घेता येतो. बरेच जण तो अर्जच करत नाहीत, ड्रायव्हरकडनं घेणं सोपं पडतं.

राजवाडा_चौक

मी साताऱ्यात कामगारांच्या बाजूनं वकिली करतो. दंडावरच आधी बोलू, कारण तिथं तुमची बाजू सगळ्यात भक्कम आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आहेत. वेतन संहितेत दंडाची मर्यादा स्पष्ट आहे: एका पगाराच्या मुदतीत दंड पगाराच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त नाही. पगार १५,००० धरला तर ४५० रुपये, बास. तोही आधी जाहीर केलेल्या कसुरीबद्दलच, आणि कामगाराला कारण मांडायची संधी देऊन. नुकसानभरपाई म्हणून कापायचं तर नुकसान त्या माणसाच्याच हयगयीनं झालं असलं पाहिजे. घाटात दुसऱ्याचा ट्रक आडवा होणं ही तुमची हयगय कशी? ही मागणी घेऊन उभं राहायला युनियनच्या नोंदणीची वाट बघायचीही गरज नाही.

आता युनियन. अर्जावर किमान सात कामगारांच्या सह्या लागतात. शिवाय त्या आस्थापनेतल्या किंवा उद्योगातल्या कामगारांपैकी दहा टक्के किंवा शंभर, यातला जो आकडा कमी तेवढे सभासद पाहिजेत. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात २००१ च्या दुरुस्तीनं हेच आलं होतं, औद्योगिक संबंध संहितेनं ते तसंच ठेवलं. एकाच ठेकेदाराचे पंचवीस ड्रायव्हर असतील तर सातावर भागतं. तुमचे ठेकेदार अनेक, जिल्हे दोन. तुम्ही उद्योगाची युनियन करणार, म्हणून शंभर नावं गोळा करूनच अर्ज टाका. नंतर कुणी बोट दाखवायला जागा नको.

भडंगप्रेमी

शंभर टपाल ड्रायव्हर दोन जिल्ह्यांत मिळायचे कुठं? पोस्टमनदादांना पण स्टेअरिंगवर बसवावं लागेल 😄

राजवाडा_चौक

प्रश्न खरा आहे. म्हणून नावात "टपाल व पार्सल वाहतूक" घ्या. खाजगी कुरिअरच्या हबपासून तालुक्याला पार्सल नेणारे जे पगारी ड्रायव्हर आहेत, त्यांची दुखणी हीच आहेत. स्वतःचा टेम्पो लावून फेरीवर पैसे घेणारे आणि ॲपवरचे डिलिव्हरीवाले यांचं मात्र कायद्यात वेगळं पडतं. सामाजिक सुरक्षा संहितेत अशा, म्हणजे गिग कामगारांची व्याख्या आहे, पण औद्योगिक संबंध संहितेतल्या कामगारात त्यांना बसवणं अवघड. त्यांना सोबत घ्या, पण नोंदणीचा पाया पगारी माणसांवर ठेवा.

ओंटारिओतला_सांगलीकर

मूळचा विश्रामबागचा, बरीच वर्षं कॅनडात. इथली गोष्ट तुमच्या प्रश्नाला अगदी चिकटून आहे म्हणून लिहितो.

इथं खेडोपाडी टपाल वाटणारी माणसं पूर्वी कॅनडा पोस्टची नोकर नव्हती. स्वतःची मोटार, स्वतःचं पेट्रोल, आणि रूटसाठी बोली लावायची. बोली म्हटल्यावर जुन्या माणसाला दर पाडूनच रूट टिकवावा लागणार. वर १९८१ च्या कॅनडा पोस्ट कायद्यात १३(५) हे कलमच होतं, की टपालाचा ठेकेदार हा कामगार कायद्यापुरता कर्मचारी मानायचा नाही. म्हणजे युनियनचा रस्ता कायद्यानंच बंद.

त्यांनी आधी स्वतःची संघटना केली. मग टपाल कामगारांची मोठी युनियन, सीयूपीडब्ल्यू, त्यांच्या पाठीशी उभी राहिली. १ जानेवारी २००४ पासून ही हजारो माणसं कॅनडा पोस्टची कर्मचारी झाली, त्यांचा सामूहिक करार झाला. तरी शहरी पोस्टमनएवढा पगार नव्हताच. यांच्यात बायका जास्त, म्हणून समान मोबदल्याचा दावा केला आणि लवादाचा निर्णय त्यांच्या बाजूनं लागला तो २०१८ मध्ये.

मला यातली महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. त्यांनी कुठल्या एका ठेक्याशी भांडण मांडलं नाही, बोलीच्या पद्धतीशीच मांडलं. जतवाले जे एल-वनचं म्हणतायत ना, मुळाशी तेच आहे.

स्पष्टवक्ता

कॅनडा कुठं, कवठेमहांकाळ कुठं! तिथं कायम केलं. इथं कायम करा म्हणून कोर्टात जाणार का?

राजवाडा_चौक

स्पष्टवक्त्यांनी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. "कायम करा" ही पहिली मागणी ठेवू नका. २००१ च्या स्टील ऑथॉरिटी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं सांगितलं की ठेका पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. ठेका निव्वळ देखाव्याचा आहे हे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, पण त्यात वर्षं जातात.

त्यात नव्या संहितेत कंत्राटी कामगारांचं प्रकरण पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठेकेदाराला लागू होतं. १९७० च्या कायद्यात हा आकडा वीस होता. म्हणजे छोटा ठेकेदार तिथनं निसटतो. किमान वेतन मात्र वेतन संहितेखाली सगळ्यांनाच लागू, एक माणूस असला तरी. ईएसआयला दहा माणसं पुरतात, पीएफला वीस.

हळदबाजार

इतका वेळ वाचत होतो. सांगली मार्केट यार्डात आमच्या घरच्या दोन पिढ्या हमालीत गेल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याच मातीत आहे असं मला वाटतं, आणि पाटणच्या कोयनाकाठांनी अजून ते नाव कसं घेतलं नाही?

अण्णासाहेब पाटील मंद्रुळकोळ्याचे, पाटण तालुक्यातले. मुंबईत पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसांना त्यांनी एकत्र केलं आणि १९६९ चा माथाडी कायदा झाला. हमालाची अडचण काय होती? मालक रोज वेगळा. सकाळी या पेढीवर, दुपारी त्या. मग पीएफ कुणी भरायचा, दिवाळीचा बोनस कुणी द्यायचा? कायद्यानं काय केलं, तर मधे मंडळ आणलं. त्यात सरकार, मालक आणि कामगार तिघांची माणसं. हमालाची नोंद मंडळात, पेढीची नोंदही मंडळात. मालकानं मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, मंडळाकडं भरायची, त्यातनं हमालाला पगार, पीएफ, रजा, सगळं. पेढी बुडाली, मालक बदलला, तरी हमालाचा नंबर तोच.

मेलगाडीनं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की ठेका बदलला की सर्व्हिस शून्य. तेच दुखणं. माझे वडील म्हणायचे, मालकाच्या वहीतलं नाव खोडता येतं, मंडळाच्या वहीतलं येत नाही.

राजवाडा_चौक

हळदबाजार, विचार पटला. एकच सांगतो: माथाडी कायद्याच्या अनुसूचीत चढवणं, उतरवणं, वाहणं अशी कामं आहेत, गाडी चालवणं नाही. आणि टपाल हा केंद्राचा विषय, त्यामुळं वाद गेला तर केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेकडं जाईल, तिचं कार्यालय पुण्यात आहे. जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडं हेलपाटे घालू नका. तोच कायदा जसाच्या तसा लावता येणार नाही, पण त्यातला गाभा टेंडरच्या अटीत मागता येतो.

हळदबाजार

व्हय, तेच म्हणतोय. कायदा नको, रीत घ्या.

कोयनाकाठ

हळदबाजार, कान उपटलेत ते बरं केलंत. अण्णासाहेबांचं नाव आमच्या तालुक्यानं आधी घ्यायला पाहिजे होतं.

टेंडरचं म्हणाल तर एक ध्यानात घ्या. सातारा विभाग पुणे रिजनमध्ये आणि सांगली विभाग गोवा रिजनमध्ये. म्हणजे निवेदन एकच असलं तरी दारं दोन आहेत. एका ठिकाणी देऊन गप्प बसलात तर निम्म्या पोरांचं काम होणार नाही.

येरळामाई

जरा बाजूचं लिहिते. २०१९ च्या महापुरात आम्ही सांगलीत अडकलो होतो. पाणी ओसरल्यावर पोस्टात गेले तर बॅगा घेऊन आलेला ड्रायव्हर चिखलात उभा राहून एकटा उतरवत होता. मी विचारलं, सुट्टी नाही का? म्हणाला, ताई, खाडा पडला की पगार जातो. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, २०२५ पासून, आणि आम्ही सगळे मोबाइलवर बघत बसतो आपली वस्तू कुठवर आली. ती वस्तू आणणाऱ्या माणसाला आठवड्याची सुट्टी आहे का, हे आम्ही गिऱ्हाइकांनीही विचारायला पाहिजे. निवेदनावर ग्राहकांच्या सह्या चालत असतील तर आमच्या बचत गटाच्या सगळ्याजणी करतील.

क्रांतिभूमी_कुंडल

चालतील काय, पळतील! पत्रीसरकारचा मुलूख आहे हा. १९४३ ला शेणोलीला पगाराची रेल्वे अडवणाऱ्यांच्या गावची माणसं आपण.

स्पष्टवक्ता

भाऊ, ती इंग्रजांची गाडी होती. ही टपालाची गाडी अडवू नका, माझं पासबुक त्यात असतं.

मुद्द्याचं बोलतो. टेंडरच्या अटीची मागणी मला पटली. माझा विरोध संपाला आहे, संघटनेला नाही.

राजवाडा_चौक

संपाबद्दल सगळ्यांनीच नीट समजून घ्या. नव्या संहितेप्रमाणे नोटीस दिल्यावर चौदा दिवसांच्या आत संप करता येत नाही. आणि "आपण संप नको, सगळे एकाच दिवशी रजा टाकू" ही जुनी युक्ती आता चालत नाही. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तो संपच धरला जातो. उत्साहात कुणी हे केलं तर बेकायदेशीर संप म्हणून दंड, प्रसंगी कैद. पोरांना हे पहिल्या बैठकीत सांगा.

गिरणगावची_लेक

आणि बैठकीला घरच्या बायकांना बोलवा. पगार किती हातात येतो आणि कितीवर सही घेतात हे त्यांना बरोबर माहीत असतं. ठेकेदाराचा माणूस घरी येऊन "समजवा नवऱ्याला" म्हणतो तेव्हा दारात त्याच असतात. आमच्या घरी आलेला, मला आठवतो.

मेलगाडी

सगळ्यांचं दोन-तीनदा वाचलं, पोरांना गाडीत वाचून दाखवलं. रविवारी कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर बसलो. पेढे सातारकरांनी आणले, भडंग सांगलीकरांनी, आणि चार वहिनी पण आल्या होत्या. लेकताईंचं म्हणणं खरं ठरलं. एका वहिनीनं सहीचा आकडा आणि बँकेत आलेला आकडा दोन्ही वहीत लिहून ठेवलेत, महिन्यानुसार. आमच्यातल्या एकाकडं पण एवढा पुरावा नव्हता.

ठरलं ते असं. युनियन एका ठेकेदाराची नाही, दोन्ही जिल्ह्यांच्या टपाल व पार्सल वाहतुकीची. अर्ज शंभर नावं झाल्यावर. तोवर पुणे आणि गोवा दोन्ही रिजनला एकच निवेदन. त्यात ठेकेदार बदलला तरी रूटवरच्या ड्रायव्हरला आधी घ्यायचं आणि त्याची सर्व्हिस धरायची. पगार बँकेतच, आणि पगार-पीएफ-ईएसआयचा पुरावा जोडल्याशिवाय ठेकेदाराचं बिल काढायचं नाही. दर ठरवताना मजुरीचा भाग वेगळा दाखवायचा आणि त्यात कुणाला बोली पाडू द्यायची नाही. जतवाल्या दादांनी ह्या शेवटच्या वाक्याचा मसुदा स्वतः लिहून पाठवलाय, त्यांचे खास आभार.

दंडाचं वेगळं पत्र वकीलसाहेब बघतायत. सगळ्यांनी उमंग ॲपवर आपला पीएफ नंबर काढायचा प्रयत्न चालू केलाय. काहींचा निघाला, खातं रिकामं. काहींचा नंबरच नाही. ती यादी निवेदनाला जोडतोय.

भीती गेली नाही. दोघंजण निघताना म्हणाले, आमची नावं इतक्यात लिहू नका. लिहिली नाहीत.

जतचा_ट्रान्सपोर्टवाला

मजुरीचा भाग वेगळा दाखवला की सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर दर भरणाऱ्या प्रत्येकाला तो सारखाच राहील. मी परत टपालाचं टेंडर भरीन, हे लिहून ठेवा.

येरळामाई

सह्यांचा कागद कुठं पाठवू?

मेलगाडी

येरळामाई ताई, तुमच्या पोस्टात संध्याकाळची गाडी येते त्या ड्रायव्हरकडं द्या, पाकिटावर नुसतं "कराड बैठक" लिहा. शिराळा आणि आटपाडी रूटवरचं अजून कुणीच आलेलं नाही. त्या बाजूचं कुणी वाचत असेल, तर पोस्टासमोर गाडी लागली की ड्रायव्हरला हा धागा दाखवा. पुढची बैठक मिरजेत, स्टेशनजवळ, दुसऱ्या रविवारी सकाळची बॅग उतरवून झाल्यावर.